अण्णांचा डाळिंबी

तुमच्या घरच्या पाण्याचा रंग कोणता, सांगता येईल का?

पाण्याला रंग नसतो हे तुम्ही शाळेत शिकलात, मीही शिकले. पण चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत एक गृहस्थ होते, ते हा प्रश्न भेटेल त्याला विचारायचे. समोरचा "नसतो" म्हणाला की सदऱ्याच्या खिशातून पांढऱ्या रेशमाचा बोटभर दोरा काढायचे, त्याच्याच पेल्यात बुडवायचे, डोळ्यांजवळ धरायचे आणि म्हणायचे, "कधी बघितलंस? मग नसतो कसं म्हणतोस?"

दोरा पिवळसर झाला तर पाण्यात लोखंड. ताठ आणि खरखरीत झाला तर पाणी जड. त्यात साबणाला फेस येणार नाही, रंग डागाडागाने बसणार. मऊ राहिला की ते खूश. "हे पाणी कामाचं," म्हणत उरलेला पेला पिऊन टाकायचे. बसवनगुडीतल्या एका लग्नात त्यांनी पंगतीत बसल्या बसल्या पेल्यात दोरा सोडला. मुलीचा मामा धावत आला. "काय हो, विषबिष घातलंय असं वाटतं का तुम्हाला?" ते शांतपणे म्हणाले, "छे छे. पण हे पाणी बोअरचं. भात बघा, पिवळा आलाय." भात खरंच पिवळट होता. मामाने पुढची सगळी पंगत त्यांचं पान चुकवून वाढली.

गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. रेशीम रंगवणं हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. आमची त्या गल्लीतली घरं मराठी. पूर्वज कधीतरी फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि राहिले, यापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्ही. अण्णांच्या घरामागे रंगाची शेड होती. तांब्याच्या मोठ्या कढया, त्याखाली सरपणाच्या भट्ट्या, वेळूच्या काठ्यांवर वाळत घातलेल्या रेशमाच्या लडी, आणि मधोमध रहाटाची विहीर. त्यांची नखं कधीच पांढरी नसत. नखांवरून गल्ली ओळखायची की या आठवड्यात विणकरांनी कोणता रंग मागवलाय.

मी त्यांच्याकडे जायची ती कापडासाठी. माझं बालपण पत्रकांत गेलं. वडिलांच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे असत, मी त्यांच्यावर बसून अक्षरं शिकले. मोठी झाले तेव्हा आमचा मूठभर पोरापोरींचा गट होता. पाण्यासाठी, झाडांसाठी, तळ्यांसाठी आम्ही मोर्चे काढायचो, आणि आमच्या फलकांचं कापड अण्णा लाल करून द्यायचे.

"काय ग पुट्टी," ते म्हणायचे. लहान मुलीला इकडे कन्नडमध्ये पुट्टी म्हणतात. मी कॉलेज संपवलं तरी त्यांच्यासाठी पुट्टीच होते. "आज कोणाचा राजीनामा मागायचा?"

"पाटबंधारे मंत्र्यांचा."

"सरी, ठीक आहे. मग स्वल्प गडद करतो. फिक्या लालला मंत्री भीत नाही."

त्याच कढईत दुसऱ्या दिवशी भगवा असे, तिसऱ्या दिवशी हिरवा. मी नाक मुरडलं की हसायचे. "रंग ज्याचा त्याचा, पुट्टी. पाणी सगळ्यांना माझ्या विहिरीचं."

पण त्यांचा खरा अभिमान एकच होता, डाळिंबी. तो रंग दुसऱ्या कोणाला जमत नसे. पिकल्या दाण्यावर उजेड पडल्यावर दिसतो तो लाल, आत किंचित जांभळ्याची सावली. शहरभरचे विणकर त्याला अण्णांचा डाळिंबी म्हणूनच मागायचे. आणि अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वाक्य ऐकवायचे: "साडी विरेल, रंग जाणार नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, नदी नसलेल्या या गावात रंगारी आले कशाला. त्यांनी लड पिळत आभाळाकडे बोट केलं. "हवेसाठी." रेशीम सावलीत, सावकाश वाळावं लागतं. दमट हवेत ते कुबट होतं, कोरड्या झळांत वरून सुकतं आणि आतून ओलं राहतं, मग रंगाचे पट्टे पडतात. इथली हवा दोन्ही नव्हती. उंचावरचं पठार, दोनदा येणारा पाऊस, रस्त्यावर रेन ट्रीची छत्री, आणि उताराउतारावर जुन्या लोकांनी बांध घालून अडवलेली तळी. तळ्यांना इकडे केरे म्हणतात. वरची केरे भरली की पाणी खालच्या केरेत उतरायचं, आणि वाटेतल्या विहिरी आपोआप भरायच्या. नदी नव्हती म्हणून लोकांनी पाऊस साठवला, पाऊस साठला म्हणून हवा थंड राहिली, हवा थंड राहिली म्हणून इथे रेशीम रंगलं. हे सगळं मी नंतर पत्रकात लिहिलं. अण्णा एवढंच म्हणाले होते, "हवा माझ्याकडे कामाला आहे. पगार मागत नाही म्हणून तिला कोणी मोजत नाही."

या शहराने तिला कामावरून काढलं. कसं काढलं ते तुम्ही पाहिलंय, तुम्हीही याच काळात जगलात. आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाच्या केरेत आधी घरं पाडल्याचा राडारोडा आला, मग सपाट मैदान आलं, मग पांढऱ्या दगडांनी आखलेले प्लॉट आले. आम्ही बांधावर बसून घोषणा दिल्या. ज्यांनी प्लॉट घेतले ते वाईट लोक नव्हते. कारकून होते, शिक्षक होते, त्यांना घर हवं होतं. रस्ता रुंद करायला रेन ट्री तोडले गेले. ज्या घरांच्या छताला पंख्याचा हुकसुद्धा नव्हता, त्या घरांत टेबलफॅन आले. अण्णांच्या लडींवर पट्टे पडायला लागले. ते लड उजेडात धरून म्हणायचे, "हवेला घाई झालीय."

मग त्यांची विहीर खाली गेली. रहाटाचा दोर वाढवला, पुन्हा वाढवला, आणि एका उन्हाळ्यात बादली दगडावर आपटल्याचा आवाज आला. तोवर गल्लीत बोअर खोदणाऱ्या लॉऱ्या यायला लागल्या होत्या. शेजारच्या सरोजक्कांनी अंगणात बोअर घेतली. अण्णांनी घेतली नाही. ते म्हणाले, "विहीर भरते ती वरून. बोअर ओढते ती खालून. खालचं कोणी भरायचं?" ते टँकरचं पाणी घेऊ लागले. भट्टीत मात्र नीलगिरीचं सरपण जळत होतं, आणि गावाबाहेर नाचणी काढून लावलेली तीच नीलगिरी जमिनीतलं पाणी पीत होती. मी हे त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "मग काय जाळू? तुझी पत्रकं?"

आता त्यांच्या हातून जे घडलं ते सांगते.

रंगवून झाल्यावर कढईत जे पाणी उरतं ते पूर्वी गटारातून मोठ्या नाल्यात आणि नाल्यातून केरेत जायचं. केरे बुजली तसा नाला तुंबला. रंगाचं पाणी गल्लीत साचायला लागलं. पोरं शाळेतून येताना त्यातून नाचत यायची, घराघरांत लाल-निळी पावलं उमटायची. सरोजक्का कमरेवर हात ठेवून अण्णांच्या दारात उभ्या राहिल्या. "अण्णा, माझ्या दारात रोज ओकळी कशाला?" ओकळी म्हणजे इकडची रंगपंचमी. गल्ली हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांना फार लागलं.

त्यांनी गवंडी बोलावला, शेडची मोरी वळवली आणि ते पाणी स्वतःच्या कोरड्या विहिरीत सोडलं. "माझा मळ माझ्या घरात," ते म्हणाले. "माती गाळून घेईल. आजोबाही शेवटचं पाणी परसातल्या खड्ड्यातच ओतायचे. त्याच्या कडेला केळी वाढायच्या." गल्लीने त्यांचं कौतुक केलं. गल्ली पुन्हा कोरडी आणि स्वच्छ झाली.

आजोबांचे रंग झाडांच्या सालींचे होते, मुळांचे होते, लाखेचे होते. मातीची त्यांच्याशी ओळख होती. डब्यातून येणाऱ्या पुडीशी तिची कधीच गाठ पडली नव्हती. अण्णांनी आजोबांची कृती ठेवली आणि रंग बदलला, आणि या दोन गोष्टी एकमेकींना विचारून चालतात असं धरून चालले.

आमच्या गल्लीतल्या रंगाऱ्यांत खंडेनवमीला एक रीत आहे. त्या दिवशी भट्टी पेटत नाही. कढया घासून, झेंडू लावून मांडतात, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात, आणि एक कोरी पांढरी लड विहिरीच्या पाण्यात बुडवून रहाटाला टांगतात. वर्षभर पाणी रंग वाहतं, एक दिवस त्याला सुट्टी. ती लड पांढरीच वाळली पाहिजे. ती मग देवघरात ठेवतात.

विहीर कोरडी पडल्यापासून अण्णा ही रीत टँकरच्या पाण्यावर उरकायचे आणि दिवसभर कुरकुरायचे. "हे पाणी कुठलं, कोणाचं, काही गोत्र नाही त्याला." त्या वर्षी सरोजक्काच म्हणाल्या, "आमच्या बोअरचं घ्या की. तुमच्या विहिरीच्याच जमिनीतलं आहे." अण्णांना ते पटलं. त्यांनी कळशी भरून आणली, लड बुडवली, रहाटाला टांगली आणि आम्हाला चिरोटे वाढायला लागले.

लड वाळली तेव्हा तिच्यावर गुलाबी झाक होती.

"कोहळ्याचं कुंकू लागलं असेल," काकू म्हणाल्या. काकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. अण्णांनी हात धुतले, देव्हाऱ्यातलं चांदीचं भांडं घेतलं, स्वतः सरोजक्कांकडे जाऊन पाणी आणलं, नवी लड काढली. ती वाळेपर्यंत तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. पुन्हा तीच झाक. मग साबण लावून चोळली. झाक हलली नाही. उन्हाकडे धरली. आत किंचित जांभळ्याची सावली होती.

"कुंकू साबणाने जातं," ते म्हणाले. "हा जात नाही. हा माझा."

आता विचार करा. ते पाणी भांड्यात अगदी काचेसारखं दिसत होतं. त्यातला रंग फक्त रेशमाला कळत होता, आणि ते रेशीम वाचणारा माणूस गल्लीत एकच होता. ते गप्प राहिले असते तर आजही कोणाला कळलं नसतं. आणि सरोजक्कांची मुलगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती.

दसऱ्याला मी बन्नीची पानं द्यायला गेले. आपट्याऐवजी इकडे ती देतात. अण्णा ती लड हातात घेऊन बाहेर पडतच होते. मी मागोमाग गेले. सरोजक्का दारातली रांगोळी आवरत होत्या. दोघं कन्नडमध्ये बोलले, मी मराठीत सांगते.

"अक्का, तुमच्या बोअरमध्ये माझा रंग उतरलाय."

सरोजक्कांनी आतून पेला भरून आणला, उजेडाकडे धरला. "कुठाय? स्वच्छ तर आहे."

"डोळ्याला दिसत नाही. रेशमाला दिसतो."

"मग रेशमाला पाजू नका," त्या हसल्या.

"हसू नका, अक्का. पोरीला हे पाणी देऊ नका. बाळ येईल, त्याला देऊ नका."

सरोजक्कांचं हसू गेलं. पण मला वाटलं होतं तशा त्या चिडल्या नाहीत. त्यांनी पेला कठड्यावर ठेवला. "मग कुठलं देऊ? नळाला पाणी कधी येतं ते नळालाच ठाऊक. टँकर आला तर पुरुषमाणसं आधी भरतात. तुम्ही सांगा अण्णा, कुठलं देऊ?"

अण्णा हातातल्या लडीची घडी घालत राहिले.

"वाईट आहे म्हणायला काय लागतं," त्या म्हणाल्या. "पाणी आहे तरी." आणि तोच पेला उचलून त्यांनी तुळशीला घातला, आणि बोअरची मोटार लावायला आत गेल्या.

अण्णांनी त्या दिवसापासून भट्टी पेटवली नाही. विणकर येऊन गेले, आर्जवं करून गेले. गल्लीतले दुसरे रंगारी एका संध्याकाळी जमले. मला वाटलं, हा माणूस जे बोलला त्याचं त्यांना काही वाटेल. त्यांना राग आला होता. एकजण म्हणाला, "अण्णा, तुम्ही म्हातारे झालात, शेड बंद करा, देवाचं नाव घ्या. आमच्या पोटावर सरकारी कार्यालयवाले कशाला आणता?" दुसरा म्हणाला, "तुम्हाला डोळे जास्त झालेत." आणि त्याच काळात ज्यांच्या ज्यांच्या विहिरी कोरड्या होत्या त्यांनी आपल्या मोऱ्या त्यांत वळवल्या. गटार तुंबलेलंच होतं. अण्णांनी दाखवलेली युक्ती सोयीची होती.

आम्ही पत्रक काढलं. त्यावर अण्णांच्या लडीचा एकेक धागा चिकटवला, म्हणजे लोकांना डोळ्यांनी दिसेल. लोकांनी धागा काढून पाहिला, "छान रंग आहे" म्हणाले. एका कार्यालयातून एक साहेब आले, बाटली भरून उजेडाकडे धरली, हुंगली, आणि बाटली घेऊन गेले. ते पुन्हा आले नाहीत. बाटलीही आली नाही.

मग अण्णांनी विहीर उपसायचं ठरवलं. माणसं लावून तळाचा सगळा गाळ काढला. तो ओला, चमकणारा, डाळिंबी गाळ मी पाहिलाय. इतका सुंदर होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. लॉरी तो घेऊन गेली. अण्णांना त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी भूक लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॉरीवाल्याला विचारलं, "कुठे टाकलास रे?"

"गावाबाहेर, अण्णा. व्हाइटफील्डच्या अलीकडे एक केरे आहे. पाणी कमी होतं, रिकामी जागा दिसली."

अण्णा ओट्यावर बसले. म्हणाले, "बघ पुट्टी, माझा रंग जात नाही."

त्यानंतर ते दर खंडेनवमीला सरोजक्कांकडून भांडंभर पाणी मागून आणायचे. त्या निमूट द्यायच्या. भट्टी नव्हती, कढया विकल्या होत्या, पण लड बुडवली जायची. पाऊस धुऊन काढेल असं त्यांना वाटायचं. एका वर्षी पाऊस खरंच चांगला झाला. दोन्ही पाऊस धो धो झाले. अण्णा त्या खंडेनवमीला नवा सदरा घालून बसले होते. लड वाळली ती आधीपेक्षा गडद. पावसाने खडकातल्या भेगांत अडकलेलं होतं नव्हतं ते सगळं सरोजक्कांच्या बोअरकडे ढकललं होतं.

"हवेला घाई झालीय म्हणायचो," ते म्हणाले. "पाण्याला मात्र काही घाई नाही."

मी त्यांना सांगायला हवं होतं की लढू, की वेळ लागतो, की लोक जागे होतील. पत्रकात मी हे नेहमी लिहिते. त्या ओट्यावर ते माझ्या तोंडून निघालं नाही. आजही निघत नाही. केरे गेली ती परत येणार नाही, तिच्यावर घरं आहेत आणि घरांत माणसं आहेत. खडकात गेलेला रंग कुठल्याही मोर्चाने बाहेर येणार नाही. दुपारची हवा आता माझ्या लहानपणीची नाही, आणि आज जन्मलेल्या पोरांना ती कधी होती हेही कळणार नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. विहिरीवर त्यांच्या मुलाने सिमेंटची लादी टाकली, तिच्यावर स्कूटर असते. रहाट तेवढा आहे.

परवा खंडेनवमीला काकूंनी मला बोलावलं. "ये ग. लड बुडवायला कोणीतरी हवं." मी सरोजक्कांकडे गेले. त्यांचा नातू आता शाळेत जातो. सुट्टी असूनही पाण्याची बाटली गळ्यात अडकवून तो दारातच उभा होता. मी पाणी आणलं, लड बुडवली, रहाटाला टांगली. काकू आणि मी स्कूटरशेजारी बसून राहिलो.

लड वाळली. ती डाळिंबी नव्हती. मळकट, करडी, कुठे हिरवट, कुठे निळसर होती. जुन्या मुक्या मारासारखी. गल्लीतल्या सगळ्या कोरड्या विहिरी तिच्यात होत्या. अण्णा असते तर त्यांनी बोट ठेवून एकेकाचं नाव सांगितलं असतं, आणि शेवटी स्वतःचंही. आता ते वाचणारं कोणी नाही. काकूंनी लड देवघरात नेली नाही. घडी करून माझ्या हातात दिली.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. मोर्चाला या असं म्हणत नाही, वर्गणी द्या असंही म्हणत नाही. घरातल्या जुन्या रेशमी साडीच्या पदराचा एक पांढरा धागा काढा. नसेल तर शिंप्याकडे मागा. तुम्ही पिता त्या पाण्याच्या भांड्यात तो दिवसभर ठेवा आणि सावलीत वाळवा. पांढरा राहिला तर जपून ठेवा. रंग आला तर धागा घेऊन शेजारच्या दारात जा आणि तुमच्या घरातून काय वाहून जातं ते आधी सांगा. ते हसतील. तरीही सांगा.